तीन वाजताचं धुकं

१

लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी संध्याकाळच्या चहाला त्या घरात पहिला प्रश्न एकच असायचा. बाई विचारायच्या, आज किती? पाराकाका म्हणायचे, एक्केचाळीस. मग काका कपाळाला आठ्या घालून अंदाज सांगायचे: पाच मारामाऱ्या आणि एक फुटलेली खिडकी. बाई मनातल्या मनात ठाण्याची डायरी चाळून निकाल द्यायच्या. एखाद-दुसऱ्याचा फरक चालायचा. तंतोतंत जुळलं, तर काकांना चहाचा दुसरा कप मिळायचा. एरवी डॉक्टरांनी त्यांना एकच सांगितला होता.

काका वेधशाळेत निरीक्षक होते. पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर हिरवळीचा एक चौकोन आहे, त्यात झडपांची पांढरी लाकडी पेटी आहे. तिच्यात तापमापक असतात. नऊ, बारा, तीन आणि सहा वाजता ती उघडायची, आकडे वाचायचे आणि वहीत भरायचे, हे काम ते एकतीस वर्षं करत आले होते. त्यामुळे गल्लीनं त्यांचं नाव पाराकाका ठेवलं ते चिकटलंच. बाई पोलीस ठाण्यात रायटर. म्हणजे येईल त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं, त्याच्या आरडाओरड्यातून चार सरळ वाक्यं काढून डायरीत उतरवायची, आणि वर त्यालाच पाणी पाजायचं.

दोघांची भेटसुद्धा अशीच कामावरून झालेली. कोर्टात खटला असला की त्या दिवशी त्या वेळी हवा कशी होती, याचा वेधशाळेकडून दाखला मागवतात. साक्षीदार म्हणतो चोर पाहिला, तर धुकं होतं की उजेड होता? असा एक दाखला आणायला बाई टेकाडावर गेल्या आणि या सडपातळ माणसानं त्यांना वीस मिनिटं उन्हात उभं केलं, कारण वाचनाची वेळ झाली होती. बाई चिडल्या. पुढच्या आठवड्यात दाखला नको असतानाही गेल्या.

तेव्हापासून त्यांची एक घरची वही होती. डाव्या पानावर पारा, वारा, दमटपणा. उजव्या पानावर मारामाऱ्या, चोऱ्या, शिवीगाळ. विद्वान मंडळींनी हसावं असा प्रकार, पण दोघांना त्याचा कोण अभिमान. उन्हात माणूस हात उगारतो, धुक्यात तोच हात दुसऱ्याच्या खिशात घालतो, आणि पावसात सगळे घरी बसून नातेवाइकांशी भांडतात, असं बाईंचं म्हणणं होतं. पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की मारामाऱ्याही कमी होतात, ही काकांची भर. भांडायलासुद्धा अंगात जीव लागतो ना.

२

त्या उन्हाळ्यात एका सोमवारी रात्री बाईंना ताप भरला आणि मंगळवारी दुपारपर्यंत तो एकशेचारच्या खाली यायला तयार नव्हता. डॉक्टर सांगून गेले होते की सहापर्यंत उतरला नाही, तर घरी ठेवण्यात अर्थ नाही. बाईंना त्या दिवसातलं फारसं काही आठवत नाही. छताचा पंखा आठवतो, तो कधी जवळ यायचा, कधी लांब जायचा. काकांचा चेहरा आठवतो. काका कपाळावर ओली फडकी ठेवत होते, पण फडकं ठेवल्या ठेवल्या कोमट व्हायचं. नळाचं पाणीच कोमट होतं.

एक गोष्ट मात्र स्वच्छ आठवते. तीनच्या सुमारास काका उठून बाहेर गेले असावेत, कारण थोड्या वेळानं दार वाजलं आणि ते आत आले. केस ओले होते. त्यांनी पलंगापाशी बसून बाईंच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो हात इतका गार होता की बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. हिवाळ्यात पहाटे नळाखाली हात धरावा तसा गार. तो हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही. बाईंनी मान वळवली नाही. किती वर्षांत असं कुणी आपल्याजवळ नुसतं बसलं नव्हतं, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि झोप लागली.

पाच वाजता त्यांना दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. शेजारीण येऊन बसली, तेव्हा कुठे काका सहाचं वाचन करायला टेकाडावर गेले, तेही दारापर्यंत जाऊन तीनदा परत आले.

३

शुक्रवारी बाई कामावर गेल्या. अंगात अजून कसर होती, पण घरी बसून पंखा बघण्यापेक्षा ठाणं बरं. साहेबांनी त्यांच्यासाठी स्वतःची खुर्ची आत सरकवली आणि सगळ्यांना दम दिला की बाईंना कुणी जड रजिस्टर उचलायला लावू नका. मग अर्ध्या तासात स्वतःच चार उचलायला लावली.

सुट्टीतल्या नोंदी बाई वाचत बसल्या. मंगळवारचा पारा एक्केचाळीस, त्या हिशेबानं सकाळपासून मारामाऱ्या व्यवस्थित होत्या. नळावर एक, दुकानाच्या पायरीवर एक, दोन सख्ख्या भावांत एक. अडीचपर्यंत रांग लागली होती. आणि मग एकदम काहीच नाही. अडीच ते साडेतीन, भर उन्हात, अख्ख्या गावात कुणी कुणाची कॉलर धरली नव्हती. साडेतीननंतर पुन्हा सुरू.

त्या एका तासात मारामारी नव्हती, पण तीन चोऱ्या होत्या. इस्त्रीवाल्याच्या टेबलावरून त्याच्यासमोर गठ्ठा उचलला गेला होता. पोस्टमनची थैली हिसकावली होती. एका बाईंच्या दारातली सायकल गेली होती. इस्त्रीवाल्याच्या जबानीत लिहिलं होतं की चोराचा चेहरा दिसला नाही, धुकं दाट होतं.

बाईंना हसू आलं. उन्हानं डोकं फिरतं माणसाचं, त्यात इस्त्री पुढ्यात. पण पोस्टमनच्या जबानीतही तेच होतं, हाताला हात दिसत नव्हता. आणि पुरावा म्हणून थैलीतून पडलेली जी चार पत्रं कपाटात ठेवली होती, ती बाईंनी काढून पाहिली. शाई फुटली होती. कागद अजून दमट होते. तीन दिवस, एक्केचाळीस डिग्रीत, पत्र्याच्या कपाटात.

चौथी नोंद चोरीची नव्हती. किल्ल्या बनवणारा एक म्हातारा, सगळं गाव त्याला किल्लीवाला म्हणतं, मंगळवारी पावणेतीनला घरातून निघाला तो परतला नव्हता. तक्रार लिहवून गेली होती त्याची थोरली बहीण. तिचं वय शहात्तर, दोघंच एकमेकांना. ती रोज येऊन ठाण्यातल्या बाकावर बसायची, त्याचा डबा मांडीवर घेऊन. जायचं तर जा, पण माझी छत्री घेऊन गेला, असं ती प्रत्येक शिपायाला ऐकवायची. छत्रीचं वर्णन तिनं तीनदा लिहवलं होतं. भावाचं वर्णन विचारलं, तेव्हा मात्र तिनं डब्याचं झाकण काढून पुन्हा लावलं.

बाईंनी तिला पाणी दिलं. म्हणाल्या, आजी, मी शोधते. आणि बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य त्या सहसा कुणाला म्हणत नाहीत.

४

सोमवारी आजी बाईंच्या कानाशी लागली. शिपाई हसतात म्हणून तिनं सांगितलं नव्हतं, पण रोज तीन वाजता तिच्या दाराबाहेर किल्ल्या वाजत होत्या. त्याचा जुडगा ती झोपेत ओळखेल. दार उघडावं तर बाहेर रणरणतं ऊन.

दुसऱ्या दिवशी बाई तिच्या घरी गेल्या. एका खोलीचं घर, दोन खाटा, एका भिंतीवर बिनकुलपांच्या शेकडो किल्ल्या खिळ्यांना टांगलेल्या. खिडकीला पडदा होता तरी उन्हाची पट्टी फरशीवर पडली होती. दोघी दाराकडे तोंड करून बसल्या. बाईंची विचार करण्याची एक सवय होती, त्या मनात जबानी लिहायच्या: म्हातारी एकटी आहे, भावाची वाट पाहते आहे, तेव्हा तिला आवाज ऐकू येणं साहजिक आहे. असं लिहिलं की जरा धीर यायचा.

तीन वाजले. आधी रस्त्यावरचे आवाज जाड झाले, कुणी मधे गादी धरल्यासारखे. मग किल्ल्या वाजल्या. दाराच्या अगदी बाहेर नाही, चार पावलांवर. माणूस चालता चालता थांबतो, खिसा चाचपतो, पुन्हा दोन पावलं टाकतो, तसा आवाज. तो जवळ आला, दारावरून पुढे गेला आणि परत फिरला. त्याला दार सापडत नव्हतं, हे कुणालाही कळलं असतं.

आजीनं दार उघडलं. बाहेर ऊन होतं, एक मांजर सावली शोधत होतं. बाईंनी खाली वाकून उंबऱ्याला हात लावला. दगड ओला होता, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वाळत गेला.

५

त्या संध्याकाळी काकांनी आकडा सांगितला आणि बाईंनी निकाल दिलाच नाही. त्यांनी सगळं सांगितलं. मंगळवारचा तास, ओली पत्रं, किल्ल्या. वेड लागलंय म्हणालात तरी चालेल, असंही म्हणाल्या. काका म्हणाले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, तो बशीच्या काठावर लागून सांडला, आणि पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

बाईंना वाटलं, आपण उगाच त्यांचा जीव टांगणीला लावला. म्हणून विषय बदलायला त्या म्हणाल्या की एक सांगायचं राहिलंच, त्या दिवशी ताप कशानं उतरला माहीत आहे का? तीनच्या वाचनाहून आल्यावर तुम्ही जो हात ठेवलात ना, त्यानं. औषधानं नाही. तेव्हा उगाच डॉक्टरांचे गोडवे गाऊ नका.

"मी तीनला गेलोच नव्हतो," काका म्हणाले.

बाईंचा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला.

काकांनी मग जे सांगितलं, ते सांगताना त्यांचा चेहरा शाळेत चोरून पेपर पाहिलेल्या मुलासारखा झाला होता. तीन वाजता ते बाईंच्या पलंगापाशी खुर्चीत होते. रात्रभराचं जागरण, डोळा लागला. जाग आली तेव्हा साडेचार झाले होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा वाचन चुकलं. सहाला गेले तेव्हा तीनची ओळ कोरी. बाराचा आणि सहाचा आकडा बघून मधला अंदाजानं भरायचा, अशी एक पळवाट सगळ्या निरीक्षकांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ती धरली.

पण त्याच टेबलावर मागच्या हिवाळ्याची वही उघडी होती. कुणा खटल्यासाठी कोर्टाला दाखला हवा होता, त्यात तीनच्या धुक्याची ओळ उतरवायची होती. चष्मा तर बाईंच्या उशाशी राहिलेला. दोन वह्या, एक फॉर्म, आणि जीव सगळा घरी. दुसऱ्या दिवशी बघतात तो दाखल्यावर एक्केचाळीस डिग्री ऊन, आणि मंगळवारच्या वहीत तीन वाजता: पारा अकरा पूर्णांक दोन, वारा नाही, दाट धुकं, पन्नास मीटरपलीकडचं दिसत नाही. खाली सही. दाखला फाडून दुसरा करता आला. वही फाडता येत नाही. चूक झाली तर लाल शाईनं रेघ मारायची आणि कारण लिहायचं. कारण काय लिहायचं? तिथे नव्हतो? उद्या लिहू, उद्या लिहू करत आठवडा गेला.

"मी आहे ते लिहितो गं," काका म्हणाले. "लिहिलं म्हणून कधी काही होतं का?"

बाईंनी सांडलेला चहा पुसला. मग त्यांनी काकांचा हात उचलून स्वतःच्या कपाळावर ठेवला. तो नेहमीसारखा उबदार, जरा घामट होता. प्रिय होता, पण त्या दिवशीचा नव्हता.

६

झोप कुणालाच लागली नाही. सकाळी काका सरळ टेकाडावर जाऊन लाल रेघ मारायला निघाले होते. बाईंनी त्यांना दारात अडवलं.

मोठ्यानं बोलायला लाज वाटावी असं ते बोलणं होतं, पण दोघंही कामाची माणसं, त्यांनी ते कामासारखंच केलं. किल्लीवाला त्या ओळीत आहे, असं धरून चाला, बाई म्हणाल्या. ओळ खोडली तर तो बाहेर येईल, की ओळीबरोबर खोडला जाईल? काकांना माहीत नव्हतं. एकशेचार ताप त्या ओळीत उतरला होता, हेही दोघांच्या मनात होतं. काकांनी बाईंच्या मनगटाची नाडी धरून ठेवली होती, ती काही सोडली नाही.

शेवटी काकाच म्हणाले की दार सापडत नसेल तर दार पुन्हा उघडायला हवं. आज तीनच्या आधीच तीच ओळ लिहायची. बघण्याआधी लिहायचं म्हणजे त्यांच्या लेखी पापच. म्हणाले, ओळ लिहीन, पण सहीचा रकाना कोरा ठेवीन. सही मी बघितल्यावरच करतो.

पाठोपाठ बाईंना घरी थांबायला सांगून झालं. बाईंनी ते ऐकलंच नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी हुकूम फक्त साहेबांचा मानला होता, तोही निम्मा.

७

पावणेतीनला टेकाडावर चिटपाखरू नव्हतं. हिरवळ करपून पिवळी झाली होती आणि बाकाचं लोखंड हात लावू देत नव्हतं. आजीला बाईंनी फाटकाबाहेर उभं केलं होतं, काय वाट्टेल ते झालं तरी आत यायचं नाही असं बजावून. काकांनी ऑफिसातून हवेत फुगे सोडायची पांढरी दोरी आणली. एक टोक स्वतःच्या मनगटाला, दुसरं बाईंच्या. गाठ बाईंनी मारली. लहान मुलांसारखं करतोय आपण, काका पुटपुटले, आणि बाईंना एकदम त्यांची इतकी माया आली की त्यांनी काकांच्या शर्टाचं वरचं बटण उगाचच नीट केलं.

ओळ वहीत लिहून झाली होती. दोघं बाकावर फडकं टाकून बसले.

आधी आवाज गेले. खालच्या रस्त्यावरचा हॉर्न अर्ध्यात विझला. मग ऊन पांढऱ्याचं करडं झालं. ओल्या लाकडाचा वास आला. बाईंच्या हातावरचे केस उभे राहिले, थंडीनं. पेटीच्या झडपांवरून थेंब ओघळायला लागले, आणि नंतर पेटीही दिसेना.

"वेळ झाली," काका म्हणाले आणि सवयीनं उठले. दोरी बाईंच्या मनगटावरून सरसरत पुढे गेली आणि ताणून थांबली.

तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. पर्जन्यमापकाच्या बाजूनं एक उघडी छत्री आली आणि छत्रीखाली किल्लीवाला, चांगलाच वैतागलेला. दहा मिनिटं झाली फिरतोय, म्हणाला. गल्ल्या हलवल्यात का कुणी? बाईंनी आवाज शक्य तितका ठाण्यातला ठेवून सांगितलं की कुंपणाला हात लावून सरळ जा, फाटकात तुमची बहीण उभी आहे. म्हातारा गेला. थोड्या वेळानं लांबून, दुलईतून यावा तसा आजीचा आवाज आला. ती त्याला छत्रीवरून बोलत होती आणि रडत होती.

आता उठावं, काकांना हाक मारावी, घरी जावं. बाई उठणार, तो मागून त्यांच्या कपाळावर हात आला.

तो गार हात. ताप आहे का बघावा, तसा तो क्षणभर टेकला, उलट्या बाजूनंही टेकला, आणि समाधान होऊन निघून गेला. बाईंना भीती वाटली हे खरं. पण त्याहून जास्त त्यांना रडू आलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

समोर धुकं जरा विरळ झालं होतं. पेटीपाशी काका पाठमोरे वाकून उभे होते. तोच शर्ट, डावा खांदा तसाच उतरलेला, आणि दोरी त्यांच्या मनगटाकडे गेलेली. बाईंना हायसं वाटलं. आणि मग बाकावर त्यांच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं, अगदी चिकटून, जड श्वास घेत.

बाई हलल्या नाहीत. काय करावं सुचेना, तेव्हा सव्वीस वर्षं तोंडात बसलेला प्रश्न त्यांच्या तोंडून गेला. "अहो, आज किती?"

"अकरा पूर्णांक दोन," पेटीपासून उत्तर आलं. काकांचाच आवाज. वाचून दाखवल्यासारखा स्वच्छ, लगेच.

शेजारच्यानं खोकून घसा साफ केला. "अगं, काय माहीत," तो म्हणाला. "चष्म्यावर सगळी वाफ बसलीय. पेटी सापडलीच नाही मला, तसाच चाचपडत परत आलो. दोरीपण कुठे पडली कोण जाणे. तू आहेस ना इथे?"

त्याचा हात बाईंचा हात शोधत होता. तो हातही गार पडला होता, पण थरथरत होता. बाईंनी तो घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने आणि दातांनी स्वतःच्या मनगटावरची गाठ सोडवायला घेतली. धुक्यात चोऱ्या होतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? गाठ त्यांचीच, पण सुटता सुटेना. पेटीपाशी जो उभा होता त्यानं दोरी एकदाच ओढली. जोरानं नाही. दुसऱ्या टोकाला कुणी आहे का ते बघावं, एवढीच.

"येते हं," बाई पेटीकडे बघून म्हणाल्या, आणि दोरी सोडली.

ती गवतातून हळूहळू ओढली गेली. पाठमोरा माणूस वळला की नाही, हे बाईंनी कधी सांगितलं नाही. त्या काकांना धरून फाटकाकडे चालत राहिल्या, आणि सातव्या-आठव्या पावलाला ऊन असं अंगावर आलं की दोघंही मटकन खाली बसले.

८

किल्लीवाल्याला आठ दिवस गेलेत हे पटवायला अर्धा तास लागला. तो म्हणत होता दहा मिनिटं, फार तर पंधरा. एकटा नव्हतो मी, म्हणाला. एक गृहस्थ होते, शांत, बोलायला गोड. घाबरू नका, लांब जाऊ नका, तुम्हाला न्यायला कुणीतरी येईल, असं सांगत होते. त्यांनाच कुडकुडायला होत होतं बिचाऱ्यांना. बाईंनी डायरीत फक्त लिहिलं की इसम सुखरूप परत आला.

सहाच्या वाचनाला दोघं बरोबर टेकाडावर गेले. पारा चाळीसवर होता. ऑफिसात काकांनी चष्मा पुसून चढवला, लाल पेन काढलं, आणि वही उघडली. दोन्ही ओळी खोडायच्या, कारण लिहायचं, जे होईल ते होईल, असं त्यांचं ठरलं होतं.

ते वहीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती बाईंकडे फिरवली. आजच्या तीनच्या ओळीपुढचा रकाना कोरा नव्हता. तिथे सही होती, काकांची, वळणदार आणि सरळ. शाई दमट कागदावर किंचित पसरली होती.

"ही मी केलेली नाही," काका म्हणाले.

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा अक्षर बरं आहे."

काकांना हसायला आलं नाही. त्यांनी पेन ओळीच्या सुरुवातीला टेकवलं. बाईंनी त्यावर हात ठेवला.

"नका मारू रेघ. मी मरत होते तेव्हा तो तासभर माझ्यापाशी बसला. खोडलंत तर तो उभा कुठे राहील?"

काका म्हणाले की मग वहीत खोटं राहील, कायमचं, आणि त्यांच्या सहीखाली. एकतीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. बाईंना ते माहीत होतं, म्हणून त्या नुसत्या हात ठेवून उभ्या राहिल्या. शेवटी काकांनी पेनला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी पारा बेचाळीस होता. दुपारी निघताना बाईंनी काकांच्या हातात त्यांचाच करडा लोकरी मफलर दिला. काकांनी तो वाटेत लोकांच्या नजरा चुकवत नेला आणि तीनचं वाचन झाल्यावर घडी करून पेटीच्या खालच्या फळीवर ठेवला. सहाला ते गेले तेव्हा फळी ओली होती आणि मफलर नव्हता.

त्यांनी घरी येऊन तसं सांगितलं. बाईंनी चहा गाळला, बरं म्हणाल्या, आणि त्या दिवशीच्या चोऱ्यांत तो लिहिला नाही.